ओढ्याच्या इर्जिकीचं जेवण

परवा वाकडला धाकट्या लेकाच्या घरी गेले होते. नात बारावीला आहे आणि तिला परदेशातल्या कॉलेजात जायचंय. त्यासाठी अर्ज कसा करावा हे सांगायला एक बाई घरी येतात. बाई शिकलेल्या आहेत, बोलायला गोड आहेत, चहात साखर घेत नाहीत. त्या नातीला समजावत होत्या, "मार्क काय, सगळ्यांनाच असतात. तुझ्या अर्जात काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे. एखाद्या गावात जाऊन प्रोजेक्ट कर. दोन-तीन रविवार पुरतील. फोटो मात्र चांगले हवेत, आणि फोटोत गावातली माणसं हवीत. इम्पॅक्ट दिसला पाहिजे."

मी कोपऱ्यात मटार सोलत बसले होते. न राहवून विचारलं, "कोणतं गाव?"

"कुठलंही चालेल, आजी," बाई हसून म्हणाल्या.

कुठलंही चालेल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मटारचं ताट आपटून आत निघून गेले. नात मागोमाग आली, म्हणाली, "आजी, बीपीची गोळी घेतलीस का?" तिला कसं सांगू, बीपी कालचं आहे. हा राग त्याच्या कितीतरी आधीचा, मी हिच्याएवढी होते तेव्हापासूनचा. तो आजवर मी कुणाला नीट सांगितला नाही, म्हणून लिहून काढते आहे.

माझं लहानपण मोशीच्या शिवारात गेलं. आज तिथे इमारती झाल्यात, खिडकीतून बोट दाखवलं तरी कुणाला पटायचं नाही, पण तेव्हा गावठाणापासून लांब, ओढ्याच्या पलीकडे आमची वस्ती होती. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आई आणि मी. जमीन होती, बैल नव्हते. त्यामुळे दरवर्षी आमच्या घरची इर्जिक असायची.

आताच्या पोरांना हा शब्दसुद्धा माहीत नाही, म्हणून सांगते. ज्याचं काम एकट्याने उरकणार नाही, तो वस्तीला हाक घालतो. मग सगळी घरं आपापले बैल, नांगर, कुदळी घेऊन येतात आणि काम उरकून देतात. मजुरी कुणी मागत नाही, कुणी देऊही करत नाही. काम संपलं की हाक घालणाऱ्याने सगळ्यांना गोड जेवण घालायचं. ते जेवण झालं की काम त्याच्या नावावर लागलं. आणि पुढे हंगामभर, जे जे आपल्याकडे आले त्यांच्या रानात जाऊन आपण राबायचं. त्याला पैरा फेडणं म्हणायचे. आईचा सगळा पावसाळा पैरा फेडण्यात जायचा. आज ह्याच्याकडे खुरपायला, उद्या त्याच्याकडे.

आणखी एक होतं. इर्जिकीत कोण किती राबलं हे कुणी तोंडाने बोलायचं नाही. "मी जास्त केलं" म्हणणारा माणूस आमच्या वस्तीत फार हलका समजला जायचा. हे नीट लक्षात ठेवा, पुढे ह्यानेच माझा घात केला.

आता ओढा. पावसाळ्यात तो कमरेइतका वाहायचा, आणि पाणी उतरलं तरी दिवाळीपर्यंत गुडघाभर गाळ असायचा. शाळा पलीकडे. मुलगे कपडे डोक्यावर बांधून पार व्हायचे. मुलींनी काय करायचं? मुलींनी शाळा सोडायची. जून-जुलैत मुली घरी बसत आणि एकदा बसल्या की बसल्याच. मी टिकले ती आईमुळे. लहान होते तेव्हा ती मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायची. मोठी झाल्यावर आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उतरायचो. पलीकडे झुडपाच्या आडोशाला मी कोरडा परकर नेसायची, आई ओला घेऊन परत फिरायची, आणि मी चिंचवडच्या शाळेची वाट धरायची. वाट लांबची होती, पण तिचं काही वाटायचं नाही. ओढ्याचं वाटायचं.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी आले त्या उन्हाळ्यात शेजारच्या घरातल्या दोघी बहिणींची नावं शाळेतून काढायचं ठरलं. का, तर पाऊस येणार, ओढा येणार. त्यांची आई म्हणाली, "काय करावं बया, तुज्या आईवानी माजं खांदं न्हाईत." मला इतका संताप आला की मी तशीच आबांकडे गेले.

आबा म्हणजे आमचे चुलत आजोबा. वस्तीत वयाने सगळ्यात मोठे. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, कारण त्यांना कधी कुणी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "आबा, ओढ्यावर फरशी घालू." फरशी म्हणजे मोठे चपटे दगड बसवून केलेला बुटका रस्ता. पूर आला तर पाणी वरून जातं, एरवी माणूस कोरड्या पायाने पार होतो.

आबा म्हणाले, "घालू की. पर इर्जिक कुनाची? वढा काय कुनाच्या मालकीचा हाय व्हय?"

"माझी," मी म्हटलं.

ओसरीवरचे सगळे हसले. आबा हसले नाहीत. म्हणाले, "पोरीनं इर्जिक घातल्याली म्या तरी ऐकली न्हाई. समद्यांचा पैरा फेडाय लागंल."

"फेडीन."

"ग्वाड जेवान?"

"आई लापशी करेल."

"मग घाल," आबा म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मी काय काय केलं ते सांगायला आजही जीभ अडखळते, इतकं ते 'बोलायचं नसतं' अंगात मुरलंय. पण आता कुणाची भीती? सांगतेच. रोज संध्याकाळी मी घरोघर जाऊन हाक घालायची. सकाळी ऊन चढायच्या आत काम चाले. पुरुष टेकडीवरून गाडीने दगड आणत, आम्ही बाया मुरूम वाहत असू. दोन भाऊबंद बांधावरून भांडलेले होते, ते एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. मी एकाला टेकडीवर लावलं, दुसऱ्याला ओढ्यात. त्यांची गाठ पडायला नको म्हणून एकाची गाडी आली की मी दुसऱ्याला पाणी प्यायला पाठवायची. शेवटी एके दिवशी मोठा दगड अडला आणि दोघांना एकाच पहारीला हात लावावा लागला. दगड बसला. जेवायला मात्र रोज ज्याची त्याची भाकरी. गोड जेवण शेवटच्या दिवशी.

आईने गूळ जपून ठेवला होता. गहू भरडून ठेवला होता. शेवटच्या दिवशी पहाटेच तिने ओढ्याकाठी चूल मांडून तिच्यावर शेजारणीचं मोठं पातेलं चढवलं.

आणि त्या दिवशी कंत्राटदार आला.

पिंपरीच्या बाजूला तेव्हा कारखाने उभे राहायला लागले होते. तिकडच्या बांधकामांना मुरूम आणि खडी पुरवणारा हा माणूस पुण्यात राहायचा, पण आमच्या शिवारात त्याने खाणीसाठी जमिनीचा तुकडा घेतला होता. सबंध उन्हाळ्यात तो ओढ्याकडे फिरकला नव्हता. त्या दिवशी आला तो ट्रक घेऊन. ट्रकमधून आचारी उतरले, पुऱ्यांची टोपली उतरली, बुंदीची परात उतरली. मागून जीप आली, तिच्यातून विकास योजनेचे एक साहेब उतरले, एक फोटोवाला उतरला, आणि शेवटी कंत्राटदाराचा मुलगा. माझ्याच वयाचा, पांढरा स्वच्छ शर्ट, पांढरी टोपी. त्यानेही त्याच वर्षी मॅट्रिकची परीक्षा दिली होती.

कंत्राटदार आईला हात जोडून म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? आजचं जेवण माझ्याकडून. एवढं चांगलं काम झालंय, आमचाही हात लागू द्या."

हात! सगळे दगड बसल्यावर हात लावायला आला होता.

आई घाबरली. तिला काय चाललंय ते आमच्या कुणाहीपेक्षा आधी कळलं. ती आबांना म्हणाली, "आबा, ते जेवू नका. लापशी हुतीया."

आबा अडचणीत पडले. दारात अन्न घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या शिकवणीत बसत नव्हतं. तेवढ्यात पोरं पंगतीला बसलीसुद्धा. बुंदी आमच्या वस्तीवर लग्नात दिसायची, तीही श्रीमंताच्या. पोरं बसली तशा बाया बसल्या, मग पुरुष. शेवटी आबा बसले. आई बसली नाही, म्हणून मीही बसले नाही.

जेवणं चालू असताना फोटोवाल्याने मुलाला फरशीवर उभं केलं. डोक्यावर घमेलं दिलं. घमेलं रिकामं होतं, कारण भरलेलं त्याच्याने धरवेना. जेवणं उरकली तेव्हा साहेबांनी पंगतीला विचारलं, "छान! कुणाचं काम म्हणायचं हे?" आणि पंगतीने कंत्राटदाराकडे हात केला. कुणाच्या मनात पाप नव्हतं. ज्याचं गोड जेवण खाल्लं, त्याचं काम. हात तोंडाशी गेला होता, आता दुसरं कसं सांगणार?

लापशी आम्ही दोघींनी दोन दिवस खाल्ली.

पुढे जूनमध्ये निकाल लागला. मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. आमच्या हेडमास्तरांनी घरी निरोप धाडला. पुण्यातल्या एका कॉलेजात एका दात्याने एक जागा राखून ठेवली होती. खेड्यातल्या विद्यार्थ्यासाठी, मुलगा असो की मुलगी, फी माफ, राहणं-जेवण माफ. अट एवढीच की त्याने नुसता अभ्यास केलेला नसावा, गावासाठी काहीतरी वेगळं, लोकांच्या उपयोगी पडेल असं काम केलेलं असावं. मास्तर म्हणाले, "फरशी तुझीच ना? मग दुसरं काय हवं?"

ती जागा मिळाली तरच कॉलेज. नाहीतर आईबरोबर खुरपं. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि आम्ही दोघीही त्याबद्दल बोलत नव्हतो. मास्तरांनी अर्ज भरून दिला. कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत गावातल्या एका जबाबदार माणसाला आणावं असं लिहिलं होतं. आबांपेक्षा जबाबदार कोण? आबांनी धोतर धुतलं, ठेवणीतला फेटा काढला, आणि आम्ही पुण्याला गेलो.

मोठ्या टेबलामागे प्राचार्य आणि दोन प्राध्यापक बसले होते. प्राचार्यांचा आवाज मऊ होता. त्यांनी माझे मार्क वाचले, मान डोलावली, आणि विचारलं, "समाजकार्य काय केलंत?"

मी म्हटलं, "ओढ्यावर फरशी घातली."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग प्राचार्यांनी टेबलावरचा एक फोटो माझ्यापुढे सरकवला. "ही का?"

फरशी आमचीच. वर तो मुलगा, डोक्यावर घमेलं. मागे लांबवर एक बाई पाठमोरी चालली होती, दोन्ही हातांत पातेलं धरून. ती माझी आई होती. लापशी घरी परत नेत होती. फोटोवाल्याला ती गावातली कुणीतरी बाई वाटली असेल. फोटो भरलेला दिसला असेल तिच्यामुळे.

"ह्या विद्यार्थ्याचाही अर्ज आहे," प्राचार्य म्हणाले. "मोशीचाच पत्ता आहे."

मोशीचा! खाणीचा तुकडा होता ना मोशीला. रात्री झोपायला पुण्याच्या बंगल्यात. पण मार्क कमी पडले असते म्हणून अर्जापुरता तो खेडवळ झाला होता. मी म्हटलं, "सर, हे काम माझं आहे. मी इर्जिक घातली होती. आबांना विचारा."

विचारा म्हणाले मी! माझ्याच तोंडाने!

प्राचार्य आबांकडे वळले. आदराने म्हणाले, "बाबा, तुम्ही वडीलधारे आहात. खरं काय ते सांगा. ओढ्यावरचं काम कोणाचं?"

आबांनी फेटा सारखा केला. माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत मायाच होती. मग म्हणाले, "सायेब, पोर आमची लई गुनाची हाय. हाक तिनंच घातली व्हती. पर ग्वाड जेवान फोटूतल्या ह्यांच्या घरचं झालं. आमी समदी जेवलो. तवा काम ह्यांचंच म्हनाय पायजे. खोटं कसं बोलू?"

मी "आबा!" म्हणून ओरडले ते मला आठवतंय. पुढे इर्जिक म्हणजे काय, पैरा म्हणजे काय, हे मी सांगायला लागले, पण शब्द एकमेकांत अडकत होते. दोघांतल्या एका प्राध्यापकांनी हसू दाबलं. प्राचार्यांनी फोटो परत ओढून घेतला आणि मऊ आवाजात म्हणाले, "मुली, हुशार आहेस. पण दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगणं बरं नव्हे."

जागा गेली ते एक. मला खोटारडी ठरवलं! सबंध उन्हाळा माझ्या तळहातांची सालं निघाली होती. ते हात मी टेबलाखाली लपवून बसले होते, कारण आमच्यात केलेलं काम दाखवत नाहीत. दाखवायला हवे होते. टेबलावर आपटायला हवे होते.

परतीच्या एस.टी.त आबांनी मला भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्या. मी त्या खिडकीतून बाहेर टाकल्या. ते म्हणाले, "अगं, आसं काय करतीस? म्या तुजी तारीफच केली न्हवं का?" त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. त्यांच्या लेखी त्यांनी खरं ते सांगितलं होतं, आणि खरं सांगितल्यावर साहेब लोक हुशार पोरीला जागा देणारच. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. दिवाळी तोंडावर येईतो टाकलं.

त्या पावसाळ्यात फरशीवरून वस्तीतल्या मुली कोरड्या पायांनी शाळेत गेल्या. शेजारच्या दोघीही गेल्या. मी दारात उभी राहून त्यांना बघायची आणि आत जाऊन रडायची. खरंच सांगते, त्यांचासुद्धा राग यायचा. आणखी एक गोष्ट होती, तिचा अर्थ मला उशिरा लागला. त्या हंगामात मला कुणी पैऱ्याला बोलावलं नाही. मी पैरा फेडीन म्हणून शब्द दिला होता, खुरपं घासून ठेवलं होतं, पण एकाही घराने हाक दिली नाही. पैरा माझ्याकडे निघत नव्हता ना! तो कंत्राटदाराकडे निघत होता.

आबा हे विसरले नव्हते. बाजरी काढणीला आली तसे ते एका सकाळी फेटा बांधून आमच्या दारात उभे राहिले. माझ्याशी न बोलता आईला म्हणाले, "हिला संगट दे. मला त्या कालिजात खोली घावायची न्हाई."

"कशापायी?" आईने विचारलं.

"पैरा मागाया. बाजरी उभी हाय. ज्यानं इर्जिक घातली त्यानं नगं यायला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू होतं. मी चप्पल घातली.

प्राचार्यांनी आम्हाला ओळखलं नाही, नंतर ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. आबांनी नमस्कार घातला आणि कंत्राटदाराच्या मुलाला बोलवायला सांगितलं. तो आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. आबा अगदी अगत्याने म्हणाले, "चला मालक, काढनी लागली."

"कसली काढणी?"

"बाजरीची. फरशीची इर्जिक तुमची. आमची समदी घरं राबली तुमच्या कामावर. आता घरटी येक दिस तुमी यायाचं. तुमच्या वडलांस्नी बी सांगा. आजपासनं माज्याकडं, मग वळीनं म्होरं."

मुलगा आधी हसला. पण आबा हसत नव्हते. त्यांनी कमरेचा विळा काढून त्याच्यापुढे धरला, म्हणाले, "घ्या, धार लावूनच आनलाय." दाराशी दोन-चार विद्यार्थी जमले. मुलगा लाल झाला, म्हणाला, "अहो, मी कशाला येऊ? मी कुठं काम केलं तुमच्या फरशीवर?"

"न्हाई केलं?"

"नाही! आम्ही फक्त जेवण दिलं. काम तुमच्याच लोकांनी केलं. विचारा हिला, हिनेच सगळं जमवलं होतं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! सगळं ठाऊक होतं!

आबांनी विळा सावकाश कमरेला लावला आणि प्राचार्यांकडे वळले. "ऐकलं न्हवं सायेब? काम ह्यांचं न्हाई म्हनत्यात. मग मी त्या दिशी बोल्लो ते आता मागं घेतो. आता पोरीला जागा द्या."

इतकं सरळ होतं ते आबांच्या दृष्टीने. आणि मला सांगा, काय चुकत होतं त्यांचं? पण प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "हे पाहा, सत्र निम्मं संपलं. आता प्रवेशात बदल होत नसतो. मुलीने पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा. मात्र तेव्हा काहीतरी नवीन कार्य दाखवावं. फरशीचं काम एकदा विचारात घेऊन झालेलं आहे."

विचारात घेऊन झालेलं आहे! हे वाक्य मी आयुष्यभर चघळत आले आहे. खोटं बोलणाऱ्याची जागा शाबूत, आणि मी नवा ओढा शोधायचा! आणि तोही असा, की जिथे बुंदी घेऊन कुणी पोचणार नाही.

पुढच्या वर्षी मी अर्ज केला नाही. मास्तरीणबाई व्हायचं शिक्षण घेतलं, आणि फरशीवरून जाऊन गावच्या शाळेत शिकवत राहिले. बी.ए. लग्नानंतर बाहेरून केलं. त्या मुलाचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही. चांगलंच झालं असेल.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलंय. आम्ही पुण्याहून परतलो तेव्हा दिवस कलला होता. आबा स्वतःच्या घरी गेले नाहीत. वाटेत भेटेल त्याच्याजवळ घरोघर निरोप धाडत थेट आमच्या अंगणात आले, खाली बसले, आणि आईला म्हणाले, "वाढ. वढ्याच्या कामाचं जेवान ऱ्हायलंय."

आई म्हणाली, "आबा, घरात ग्वाड काय न्हाई वं."

"आसंल ते वाढ. समद्यांस्नी बोलीवलंय."

आणि खरंच माणसं यायला लागली. कुणी रानातून परस्पर, अंगाला बाजरीची कुसं लागलेली. ते दोघे भाऊबंदही आले आणि शेजारी शेजारी बसले. शेजारच्या दोघी बहिणी दप्तरं घेऊनच बसल्या. एवढ्या माणसांना पुरेल असं आमच्याकडे काहीच नव्हतं. आईने पिठलं पातळ केलं, आणखी पातळ केलं, भाकरीचे तुकडे केले. डब्याच्या तळाला थोडा गूळ निघाला, तो फोडून प्रत्येकाच्या हातावर कणी कणी ठेवली. कुणी नाव ठेवलं नाही. जो तो तो गूळ तोंडात टाकून माझ्याकडे बघत होता. उद्यापासून मला पैऱ्याला जायचं होतं, घरटी एक दिवस, आणि आजवर कुठल्याच गोष्टीचा मला इतका आनंद झाला नव्हता.

मी आबांना वाढायला वाकले. तेव्हा मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले, एवढंच म्हणाले, "आबा, आणखी घ्या." त्यांनी गुळाची कणी चघळत मान हलवली.

"झालं," ते म्हणाले. "काम तुजं. आता कुनी बी येऊन इचारू दे मला."

आबा त्यानंतर बरीच वर्षं होते. शेवटपर्यंत त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. विचारायला कुणी आलं नाही.